दोन वर्षं कुणी न घेतलेलं घर

भांडुपला भाड्याने राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी सहावीत आहे, सत्तरीच्या सासूबाई सोबत राहतात. मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या बाजूला त्यांना एक घर आवडलं आहे. १९८४ सालची सोसायटी, तळमजला अधिक चार मजले, चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके, कार्पेट ५२० चौरस फूट, उजेड-वारा भरपूर. घर जवळजवळ दोन वर्षं विक्रीला आहे. आधी १ कोटी ६० लाख सांगत होते, आता १ कोटी ४५ लाखांवर आले आहेत. मूळ मालक वारले, घर त्यांच्या तीन मुलांचं झालं, त्यांतली एक मुलगी परदेशात असते. तेव्हापासून घर बंदच आहे. सासूबाई म्हणतात, "इतके दिवस कुणी घेत नाही म्हणजे काहीतरी असणार. मला ते घर बरं वाटत नाही." भाऊ म्हणतो, "पार्टी अडली आहे, वीस टक्के पाडून माग." एजंट सांगतो, येत्या रविवारी दुसरी पार्टी टोकन घेऊन येते आहे. पत्राच्या शेवटी ताई लिहितात : "बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण रिडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे, म्हणजे दोन-तीन वर्षांचाच प्रश्न. घ्यावं की सोडावं? आणि घेतलं तर माझ्या एकटीच्या नावावर घ्यावं का?"

ताई, नमस्कार.

तुमच्या सासूबाई आणि तुमचा भाऊ अगदी उलट सल्ला देत आहेत, पण दोघांनी धरलेला धागा एकच आहे : दोन वर्षं. सासूबाईंना त्या दोन वर्षांत खोट दिसते, भावाला संधी दिसते. आणि तुमच्या पत्रावरून वाटतं, की दिवसा तुम्हाला भावाचं पटतं आणि रात्री सासूबाईंचं. म्हणून आधी त्या दोन वर्षांकडेच नीट बघू या.

घर दोन वर्षं विक्रीला आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? एजंटने, किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीने. पण जाहिरात लावणं आणि घर विकायला तयार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वडील गेल्यावर तीन भावंडांपैकी एकाने एजंटला फोन केला, फोटो चढले, आणि बाकीची दोघं किमतीवर किंवा वाट्यावर अजून एकमत झालेलीच नव्हती, असं मुंबईत सर्रास होतं. अशा घराला गिऱ्हाईक येतं, आवडतं, आणि मग बहिणीची सही कधी मिळणार याचं उत्तर न मिळाल्याने निघून जातं. दीड वर्ष असं गेलं असेल, तर बाजाराने ते घर नाकारलं असं म्हणता येणार नाही. म्हणून एजंटला विचारू नका, भावंडांपैकी कुणाला तरी थेट विचारा : तुम्हा तिघांचं विकायचं कधी ठरलं? याआधी कुणी टोकनपर्यंत आलं होतं का, आणि ते का फिसकटलं? घर मनापासून विकायचं असेल तर या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

किमतीचंही तसंच. १ कोटी ६० वरून १ कोटी ४५ वर आले म्हणजे अडले, असं भाऊ म्हणतो. पण १ कोटी ६० हा आकडा आला कुठून? जुन्या सोसायटीतली मंडळी पुष्कळदा शेजारच्या नव्या टॉवरचा दर ऐकतात आणि तोच आपल्या कार्पेटला लावतात. लिफ्ट, पार्किंग, नवं बांधकाम यांचे पैसे त्या दरात असतात, हे लक्षात घेतलं जात नाही. घरं रेंगाळण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात नेहमीचं कारण. तसं असेल, तर पंधरा लाख उतरले म्हणून घर स्वस्त झालं असं होत नाही. कदाचित ते आत्ता कुठे योग्य भावाच्या आसपास आलं असेल.

योग्य भाव कळायला सांगितलेली किंमत कामाची नाही, झालेले सौदे बघावे लागतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची इंडेक्स टू, म्हणजे प्रत्येक सौद्याचा गोषवारा, शोधता येते. तुमच्या सोसायटीतले आणि आजूबाजूच्या दोन-तीन जुन्या, बिनलिफ्टच्या सोसायट्यांतले गेल्या दोन वर्षांतले दस्त काढा. त्यात मोबदल्याची रक्कम आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. पहिल्या मजल्याच्या सौद्याची चौथ्याशी सरळ तुलना करू नका. बिनलिफ्टच्या इमारतीत वर जाल तसा भाव उतरतो. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्ट-अप (भिंती धरून), तेही बघा. जुन्या दस्तांत बहुतेकदा बिल्ट-अप लिहिलेलं असतं आणि तिथेच हिशेब चुकतो. एक संध्याकाळ यात घालवलीत तर भावाच्या वीस टक्क्यांपेक्षा पक्का आकडा तुमच्या हातात येईल.

आता कागद. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्यासारखीच वारसाहक्काची घरं बघणारे खूप वाचक आहेत.

बहुधा तुम्हाला एक शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, दाखवतील. त्यावर मागच्या बाजूला थोरल्या भावाचं नाव चढलेलं असेल, आणि सांगतील, "घर दादाच्या नावावर झालं आहे, बाकीच्यांचा काही प्रश्न नाही." हे मान्य करू नका. नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी आली असं होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असंच म्हटलं आहे. म्हणजे तिन्ही भावंडांचा हक्क आहे असं धरून चालायचं. आई हयात असतील तर त्यांचाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का, हे स्पष्ट विचारा. असेल तर ते वकिलाला दाखवा. नसेल तर सगळे वारस कोण याचा पुरावा मागा. त्यानंतर मार्ग दोन. एक तर तुमच्या करारनाम्यावर सगळे वारस विक्रेते म्हणून सही करतात. किंवा दोघं तिसऱ्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून देतात आणि मग तो एकटा विकतो. मोबदला न घेता भावंडांत केलेल्या अशा पत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, त्यामुळे खर्चाची सबब चालत नाही.

परदेशातल्या बहिणीमुळे दोन गोष्टी वाढतात. ती येऊ शकत नसेल तर तिने कुलमुखत्यारपत्र द्यायचं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. साध्या कागदावर सही करून पाठवलेलं संमतीपत्र, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचं "माझी हरकत नाही", याला तुमची बँकही विचारणार नाही. दुसरी गोष्ट कराची. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण विक्रेता अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावरची कपात याहून बरीच जास्त असते, आणि ती कापण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. नंतर नोटीस आली तर तीही तुमच्याच पत्त्यावर. म्हणून टोकन देण्याआधी सीएकडे तासभर बसा.

मूळ बिल्डरकडून झालेल्या करारनाम्यापासून आजपर्यंतचे सगळे दस्त मूळ स्वरूपात आहेत का, ते बघा. एखादा हरवला असेल तर पोलिसांत नोंद आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हा नेहमीचा रस्ता आहे. घर सोडायचं कारण नाही. वारसाहक्काच्या घराला तर मी नोटीस द्याच म्हणेन. कुणाचा दावा असेल तर तो तुमचे पैसे जाण्याआधी पुढे येतो. वडिलांनी कधी घरावर कर्ज घेतलं होतं का, हेही वकील शोधून देईल. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. बंद घराचा मेंटेनन्स थकलेला असतो, वीजबिल थकून मीटर काढून नेलेला असतो, आणि ती बाकी नव्या मालकाकडे मागितली जाते. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही, हे जाताना सांगून ठेवते.

हे सगळं नीट होऊ शकतं. कागदामुळे अडलेलं घर हे माझ्या मते अनेकदा चांगलं घर असतं, फक्त त्याला धीर धरणारं गिऱ्हाईक मिळालेलं नसतं. अट एकच : कागद पैसे देण्याआधी सरळ व्हायला हवेत. "आधी करार करू, हक्कसोड पत्र महिन्याभरात देतो" याला नाही म्हणा.

(इतर भागांत घरं बघणाऱ्यांसाठी दोन शब्द. कधी कधी एक घर रेंगाळत नाही, अख्खी इमारतच रेंगाळते. विलेपार्ले-सांताक्रूझला विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गामुळे, उंचीवर बंधन आहे. मालाड-कांदिवलीला लष्करी डेपोच्या आसपास बांधकामावर मर्यादा आहेत. गिरगाव-परळला घर पागडीचं असू शकतं, तिथे तुम्ही मालकी विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. म्हाडाच्या सोडतीतलं घर पहिली पाच वर्षं विकता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवरच्या सोसायटीत हस्तांतरणाला परवानगी लागते. अशा ठिकाणी आधी त्याच इमारतीतली आणखी किती घरं विक्रीला आहेत ते बघा.)

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि तुम्ही ती सगळ्यात घाईने लिहिली आहे. लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण रिडेव्हलपमेंट होणार आहे.

ताई, या घराला दोन वर्षं गिऱ्हाईक न मिळण्याचं एक मोठं कारण तो जिना असू शकतो. कागद सुधारतात, किंमत उतरते, जिना आहे तिथेच राहतो. तुम्ही तो रिडेव्हलपमेंटच्या भरवशावर सोडून दिला आहे, म्हणून तो भरवसा किती पक्का आहे ते तपासायला हवं. "बोलणं चालू आहे" हे मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक चाळीस वर्षांच्या सोसायटीत ऐकायला मिळतं. बोलण्यापासून किल्लीपर्यंतच्या पायऱ्या पुष्कळ आहेत : सर्वसाधारण सभेचा ठराव, सल्लागाराची नेमणूक, निविदा, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड, नोंदणीकृत विकास करारनामा, महापालिकेच्या परवानग्या, घरं रिकामी करणं, आणि मग बांधकामाची वर्षं. सोसायटीच्या सचिवांना भेटा आणि यातली कुठली पायरी झाली आहे ते विचारा. सभेच्या इतिवृत्ताची प्रत विक्रेत्याकडून मागून घ्या, तो सभासद असल्याने त्याला ती मिळते. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झालं आहे का, ते मालमत्ता पत्रकावर बघा. झालं नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरणाचं (बिल्डरच्या सहीविना सरकारकडून जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचं) काम निघतं, आणि तुमची दोन-तीन वर्षं तिथेच सुरू होतात.

विकास करारनामा अजून नोंदलेला नसेल, तर वाढीव जागा, बांधकामाच्या काळातलं भाडं, कॉर्पस (विकासक सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) यांतलं काहीही आज अस्तित्वात नाही, असं समजून चाला. त्याचे पैसे किमतीत देऊ नका. तो नोंदलेला असेल, तर कॉर्पस आणि भाडं कुणाला मिळणार हे तुमच्या करारात स्पष्ट लिहून घ्या. आणि समजा सगळं ठरल्याप्रमाणे झालं, तरी तो काळ तुम्ही पुन्हा भाड्याच्या घरात काढणार आहात, हप्ता चालू ठेवून. मुलीची दहावी नेमकी त्यात येऊ शकते.

जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट बसवता येते, मुंबईत बऱ्याच सोसायट्यांनी तसं केलं आहे. पण त्याला जागा लागते, महापालिकेची परवानगी लागते, आणि खालच्या मजल्यांवरच्यांनी खर्चाला तयार व्हावं लागतं. जिथे रिडेव्हलपमेंटची आशा आहे, तिथे "आता कशाला लिफ्ट" असंच उत्तर येण्याची शक्यता जास्त. मागच्या पाच वर्षांत हा विषय सभेत आला होता का, एवढं सचिवांना विचारून घ्या.

सासूबाईंविषयी एक सांगू का? त्या म्हणाल्या, "मला ते घर बरं वाटत नाही." तुम्ही याचा अर्थ बंद घर, तिथे झालेला मृत्यू, असा लावलेला दिसतो, आणि त्याचा त्रास करून घेता आहात. तसंही असेल. मग त्यांना सांगा, की चाळीस वर्षांच्या घरात एक म्हातारा माणूस आपल्या माणसांत गेला, यात वाईट काही नाही. हवी तर वास्तुशांत करू. पण मला शंका येते, की त्यांना जे म्हणायचं आहे ते वेगळं आहे. मुलगा-सून इतक्या वर्षांनी स्वतःचं घर घेत आहेत, सुनेला ते आवडलं आहे, अशा वेळी "मला चार मजले चढवणार नाहीत" हे बोलून मोडता घालणं आपल्याकडच्या बाईला फार जड जातं. त्यापेक्षा घराविषयी काहीतरी खटकतं असं म्हणणं तिला सोपं वाटतं. त्यांना एकटीला भेटून विचारा. भांडुपला त्या रोज कुठे जातात? भाजीला, देवळात, मैत्रिणींकडे? चौथ्या मजल्यावर गेल्यावर यातलं किती उरेल? त्यांना घर बघायला घेऊन जा, आणि पोहोचल्यावर घर कसं वाटलं हे विचारायच्या आधी थोडा वेळ बसू द्या. त्यांचं दुखणं वाढलं, ऑपरेशन करायची वेळ आली, तर त्या कशा उतरणार, हेही तेव्हाच बोला. अवघड वाटेल, पण ताबा घेतल्यावर बोलण्यापेक्षा बरं.

माझं मत विचाराल तर असं : रिडेव्हलपमेंट करारनाम्यापर्यंत पोहोचलेलं नसेल आणि सासूबाईंना जिना खरंच झेपत नसेल, तर सोडा. कागद कितीही स्वच्छ असले तरी सोडा. उद्या तुम्हाला विकायचं झालं तर हीच दोन वर्षं तुमच्या वाट्याला येतील. त्याच पैशांत मुलुंड-भांडुपला थोडं लहान, पण पहिल्या मजल्यावरचं किंवा लिफ्टचं घर शोधायला मी तुम्हाला सांगेन. पण त्या हसत म्हणाल्या की मी दिवसातून एकदाच उतरेन, माझं त्यात भागतं, आणि तुम्हाला ते खरं वाटलं, तर या घरात पुढे जायला माझी हरकत नाही.

पुढे जायचं ठरलं तर पावसात एकदा घर बघाच. चौथा मजला हा सगळ्यात वरचा, डोक्यावर गच्ची. बंद घरात दोन पावसाळे कुणी छताकडे पाहिलेलं नाही. गच्चीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, पण ती कधी करणार हा प्रश्न उरतोच. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं दार वाजवून त्यांच्या बाथरूमच्या छतावर ओल आहे का, ते विचारा. त्या बंद घराची खरी हकीगत त्यांना माहीत असते. इमारत तीस वर्षांहून जुनी आहे, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं. त्याचा अहवाल मागा. बँकही मागेल.

पैशांचा हिशेब मांडून घ्या. घराची किंमत ७५ लाखांवर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज मिळतं, तेही करारातली किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यांतल्या कमी आकड्यावर. १ कोटी ४५ लाखांवर तुमच्या खिशातून सव्वाछत्तीस लाख. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, म्हणजे ८ लाख ७० हजार. नोंदणी फी ३०,०००. वकील, एजंट, आणि बंद घराची डागडुजी धरा. पन्नास लाख हाताशी नसतील तर हा सौदा ओढाताणीचा होईल.

वीस टक्के पाडून मागू नका. समोर तीन भावंडं आहेत, त्यांनी आपापसांत कसाबसा एक आकडा ठरवलेला असतो. फार खाली बोललात तर तिघांतलं एक जण "विकायचंच नाही" म्हणतं आणि घर पुन्हा कुलपात जातं. इंडेक्स टूवरून आलेला आकडा बोला, सोबत बँकेचं मंजुरीपत्र ठेवा आणि तारखा सांगा. दोन वर्षं वाट पाहिलेल्या माणसांना पाच लाखांपेक्षा खात्रीची तारीख जास्त मोलाची वाटू शकते. टोकन लहान ठेवा, चेकने द्या, आणि मालकी हक्क सिद्ध झाला नाही किंवा कर्ज मिळालं नाही तर ते परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. रोखीचा आग्रह झाला तर स्पष्ट नकार द्या. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. रविवारच्या पार्टीचं म्हणाल, तर ती येईलही. कागद बघायला तुम्हाला जे पंधरा-वीस दिवस लागणार आहेत ते त्यामुळे कमी करू नका. वारसांचे कागद तिलाही बघावेच लागतील.

राहिला नावाचा प्रश्न. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. तुमच्या बाबतीत १ लाख ४५ हजार रुपये वाचतात. पती-पत्नींच्या एकत्र नावावर ती मिळत नाही. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ साली निघाली आहे. पण दीड लाखासाठी हा निर्णय घेऊ नका. दोघांच्या पगारातून हप्ते जाणार असतील तर यजमानांशी आधी मोकळेपणाने बोला, आणि मालकी एकीची व कर्जदार दोघं असं तुमच्या बँकेला चालतं का, ते विचारा. दोघांचं मनापासून ठरलं तर तुमच्या नावावर जरूर घ्या. करारनामा झाला की लगेच सोसायटीत नॉमिनेशनचा अर्ज द्या, आणि दोघांनीही साधं, दोन साक्षीदारांच्या सहीचं मृत्युपत्र करून ठेवा.